चौदा तारखेचा कागद

१

मंगळवारी सकाळी तपासनीसबाई कचेरीत येऊन पर्स ठेवतात न ठेवतात तोच दारात एक वकील धापा टाकत उभा. त्यानं मोबाईल टेबलावर जवळजवळ आपटलाच. पडद्यावर एकच ओळ होती : ‘अपील मुदतीनंतर एक दिवसाने दाखल. नामंजूर.’ खाली कुणाची सही नव्हती. गेले सहा महिने न्यायालयात हे काम यंत्र करत होतं आणि यंत्राला सही लागत नाही.

“मॅडम, मी चौदा तारखेला कागद दिलाय,” वकील म्हणाला. “शेवटच्या दिवशी दिला हे कबूल, पण दिला! माझ्या हातानं, खिडकीवर. यंत्र म्हणतंय पंधरा. मग मधल्या वेळात कागद होता कुठे? कुणीतरी मुद्दाम दाबून ठेवला.”

त्याच्या मागे एक बाई अंग चोरून उभी होती. इस्त्रीच्या दुकानात काम करणारी. मनगटावर भाजल्याचे जुने डाग. वर्षभर ती आजारी होती, त्यातले आठ महिने इस्पितळात. तेवढ्या काळात तिची सहा वर्षांची मुलगी बालगृहात राहिली. खालच्या कोर्टानं ठरवलं की आईनं मुलीला टाकलं, आणि मुलगी दुसऱ्या कुटुंबाला द्यायचा हुकूम केला. त्याविरुद्ध अपिलाला तीस दिवस. तिसावा दिवस, गुरुवार, चौदा तारीख.

“ते लोक मुलीला न्यायला कधी येणार?” तपासनीसबाईंनी विचारलं.

“येत्या शुक्रवारी,” ती आई म्हणाली. “एकदा गेली की परत मिळत नाही म्हणे. वकीलसाहेबच म्हणाले तसं.”

म्हणजे हातात तीन दिवस. बाईंनी तिला सहज विचारावं तसं विचारलं, “चौदाला किंवा पंधराला तुम्ही स्वतः इथे आला होतात?”

“नाही,” ती म्हणाली आणि जमिनीकडे बघत राहिली.

तपासनीसबाईंचं काम म्हणजे न्यायालयातल्या माणसांविरुद्धच्या तक्रारी खणून काढणं. तीस वर्षं त्या हेच करत होत्या आणि त्यांच्या नुसत्या सँडलच्या आवाजानं कारकून मंडळी ताठ बसत. पूर्वी खिडकीवर तारखेचा शिक्का असे. चाकं बोटानं फिरवली की तारीख मागे. असे तारीख फिरवून हात ओले करणारे तिघे बाईंनी स्वतः पकडले होते. म्हणून तर यंत्र आलं. यंत्र आणणाऱ्या समितीत त्या होत्या, आणि नियमातलं ‘यंत्रात नोंदलेली तारीख हीच दाखल झाल्याची तारीख’ हे वाक्य त्यांच्याच हातचं होतं.

२

दाखल-खिडकीवरच्या कारकुनाला सगळे घड्याळ्या म्हणत. पाच वाजले की समोर कुणी का असेना, याची काच खाली. या वकिलाच्या नाकावर त्यानं ती दोनदा आदळली होती आणि दोघांची चांगली जुंपली होती.

“चौदाला हे वकील आले होते?” बाईंनी विचारलं.

“मॅडम, दिवसाला दोनशे कागद येतात. मला काय आठवणार? यंत्रात नोंद आहे ना? पंधरा तारीख, दहा वाजून वीस मिनिटं. तीच माझी आठवण.”

“कागद आल्या आल्या यंत्रात घालता?”

घड्याळ्यानं चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला. “घालतो की.”

त्याच्या मागच्या टेबलावरून भाऊसाहेब उठून आले. हे खात्याचे हेडक्लार्क. छत्तीस वर्षं नोकरी, निवृत्तीला दोन महिने उरलेले. बाई नवीन लागल्या तेव्हा यांनीच त्यांना हाताला धरून काम शिकवलं होतं : मुदत मोजताना निकालाचा दिवस सोडायचा, निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस वजा करायचे, आणि दारात आलेल्याला कधी हाकलायचं नाही.

“ताई, चहा घ्या आधी,” भाऊसाहेब म्हणाले. “आणि याला नका छळू. कडू आहे, पण पोरगं प्रामाणिक आहे. कुठलं प्रकरण आहे?”

बाईंनी सांगितलं. भाऊसाहेबांनी कप खाली ठेवला. “नामंजूर झालं? ते कधी?”

“पंधरालाच. निरोप थेट वकिलाच्या मोबाईलवर गेला.”

“हां. आता नकार टेबलावर येतच नाहीत,” ते म्हणाले, आणि चहा तसाच टाकून आपल्या जागेवर गेले.

यंत्राची देखभाल करणारी मुलगी वरच्या मजल्यावर बसे. तिला सगळे यंत्रवाली म्हणत. बाईंनी तोंड उघडायच्या आतच ती म्हणाली, “यंत्र चुकत नाही. घड्याळ तपासलंय. कागद ज्या क्षणी आत जातो, त्या क्षणाची नोंद होते.”

“आणि कागदात काही राहिलेलं असेल तर?”

“कोरा रकाना दिसला की यंत्र घेतच नाही. कागद परत, आणि सगळं नव्यानं करायचं. शिस्त लागते लोकांना.” तिनं पडद्यावर अपिलाची नऊ पानं दाखवली. काळी-पांढरी, स्वच्छ. आईची सही प्रत्येक पानावर होती.

“रंग दिसत नाही?”

“रंगाची काय गरज? आणि मॅडम, आता लोकांना सबबी सांगायला जागाच नाही. निकाल लागला की त्याच मिनिटाला नक्कल मोबाईलवर. पूर्वीसारखे नकलेसाठी हेलपाटे नाहीत.”

बाई उठता उठता थांबल्या. “बाकी सगळ्या नोंदी बघता येतील? पंधरा तारखेला सकाळी हा वकील कुठे होता?”

यंत्रवालीनं बटणं दाबली. शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या कोर्टात, सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी, वकील महाशय उभे राहून बोलत होते. चांगले पाऊण तास. चित्रफीतच होती.

मग दहा वीसला खिडकीवर कागद दिला कुणी?

३

उत्तर बुधवारी सकाळी मिळालं, आणि ते बाईंना नको होतं.

फाटकावरचं यंत्र आत येणाऱ्या प्रत्येकाचा फोटो काढून ठेवतं. पंधरा तारीख, नऊ वाजून पन्नास मिनिटं. फोटोत ती आई होती. डोक्यावरून पदर, हातात जेवणाचा डबा, कामावर जाता जाता आलेली. बरं, चौदाच्या दुपारी वकील आत आल्याचाही फोटो होता, चार बेचाळीसचा. पण इमारतीत नऊ कोर्टं. नुसतं आत येण्यानं काय सिद्ध होतं?

चित्र सरळ दिसत होतं. वकील शेवटच्या दिवशी धावत आला, काहीतरी गडबड झाली, खिडकी बंद झाली. दुसऱ्या दिवशी स्वतःला वेळ नव्हता म्हणून अशिलाला पाठवलं. या वर्षी त्याच्या दोन मुदती आधीच हुकल्या होत्या. तिसरी हुकली असती तर सनदेवर गदा. म्हणून आता कारकुनाच्या नावानं खडे फोडायचे, आणि त्या आईला पढवून ठेवायचं की तू आलीच नव्हतीस.

असं असेल तर यंत्र खरं होतं. अपील एक दिवस उशिरा होतं आणि शुक्रवारी मुलगी जाणार होती. बाईंना राग आला, तो नक्की कुणाचा हे मात्र त्यांना कळेना.

त्या इस्त्रीच्या दुकानात गेल्या. आतमध्ये चार टेबलं, वाफ, आणि घड्या घातलेल्या चादरींचे ढीग. आईनं त्यांना बघितलं आणि इस्त्री उभी करून ठेवली.

“तुम्ही माझ्याशी खोटं बोललात,” बाई म्हणाल्या. “वकिलानं शिकवलं?”

“नाही हो! त्यांना तर ठाऊकही नाही.” तिचे डोळे भरून आले. “चूक माझीच आहे. माझी एक सही राहिली होती. नवव्या पानावर. वकीलसाहेब घाईत होते, मी पण घाईत होते, दोन पानं एकदम उलटली गेली असतील. पंधराला सकाळी जाऊन केली मी सही. तेवढ्यासाठीच उशीर झाला. माझ्याच हातानं माझी पोर घालवली मी, बाई. हे कुणाला कुठल्या तोंडानं सांगू?”

बाई तिथल्या स्टुलावर बसल्या. “सही राहिली हे तुम्हाला सांगितलं कुणी?”

तिनं समोरच्या चादरीची घडी मोडून पुन्हा घातली.

“वकिलाला ठाऊक नाही म्हणता. मग तुम्हाला कळलं कसं?”

“फोन आला होता. चौदाच्या संध्याकाळी.”

“कुणाचा?”

“ते नाही सांगणार.” तिनं पदर घट्ट धरला. “माझ्या भल्यासाठी केलं त्यांनी. नाव घेतलं तर त्यांची नोकरी जाईल. शब्द दिलाय मी.”

“मुलगी जातेय तुमची परवा!”

“जातेय ना. ती माझ्या चुकीनं जातेय. त्यात त्यांना कशाला ओढू?”

बाईंना तिला हलवून सांगावंसं वाटलं की वेडे, तुझ्या शब्दापायीच ती जाईल. कारण एक गोष्ट त्यांना लख्ख दिसली होती. नवव्या पानावर सही नाही हे चौदाच्या संध्याकाळी कुणीतरी बघितलं होतं. बघायला कागद हातात लागतो. म्हणजे चौदाच्या संध्याकाळी अपील न्यायालयात होतं.

पण हे सिद्ध करणारा कागद कुठे होता?

४

यंत्रात जाऊन आलेले मूळ कागद तळघरात पोत्यांत भरून ठेवत आणि महिन्यातून एकदा लगदा करायला पाठवत. गाडी गुरुवारी सकाळी येणार होती. बाईंनी यंत्रवालीला सोबत घेतलं. एकतर कुलपाची किल्ली तिच्याकडे होती, आणि दुसरं, जे सापडेल त्याला साक्षीदार हवा होता.

दुपारभर दोघी धुळीत बसून पोती उपसत होत्या. पंधरा तारखेचं पोतं सापडलं तेव्हा यंत्रवालीच्या ओढणीचा रंग ओळखू येत नव्हता.

अपील हातात आलं. आठ पानांवरच्या सह्या निळ्या. नवव्या पानावरची काळी.

“खिडकीवर दोरीनं बांधलेलं पेन काळ्या शाईचं आहे,” बाई म्हणाल्या. “तुमच्या यंत्राला दोन्ही सारख्याच दिसल्या.”

यंत्रवालीनं दोन्ही सह्या उजेडात धरून बघितल्या. तिनं पान उलटलं आणि तशीच थांबली. “मॅडम, मागे काहीतरी लिहिलंय.”

यंत्र पानाची फक्त पुढची बाजू बघतं. मागे पेन्सिलीनं, बारीक, उजवीकडे कललेल्या अक्षरात तीन ओळी होत्या : ‘१४ ता., ४.५०. पान ९ सही नाही. वकिलाचा फोन बंद, अशिलाला कळवले. मुदत १८ पर्यंत.’

तपासनीसबाईंनी ते अक्षर वीस पावलांवरूनही ओळखलं असतं. त्या अक्षरातल्या टिपणांवरच त्या काम शिकल्या होत्या.

“मुदत अठरा?” यंत्रवाली म्हणाली. “पण मुदत चौदाच होती.”

“हो,” बाई म्हणाल्या. “बाकीची पोती उघडा.”

एकूण बेचाळीस कागद निघाले. बेचाळिसांच्या पाठीवर पेन्सिल, आणि प्रत्येक तारीख यंत्रातल्या तारखेच्या एक दिवस आधीची.

५

गुरुवारी सकाळी भाऊसाहेब खिडकी उघडायच्या आधीच आले होते. टेबल आवरलेलं. बाईंनी कागद पालथा करून त्यांच्यासमोर ठेवला.

“कालच येणार होतो तुमच्याकडे,” ते म्हणाले. “दोनदा जिन्यापर्यंत आलो. निवृत्तीला दोन महिने राहिलेत, ताई. पाय उचलला नाही. लाज वाटते सांगायला.”

“बेचाळीस आहेत, भाऊसाहेब.”

“असतील. संध्याकाळी घड्याळ्या दिवसभरातले अर्धवट कागद माझ्याकडे देतो. मीच सांगितलंय त्याला. कुणाची सही नाही, कुणाचं पान नाही. यंत्रात घातलं की ते परत फेकणार. पूर्वी आपण काय करायचो? कागद घ्यायचा, शिक्का मारायचा, आणि म्हणायचं, सही करून जा उद्या. यंत्रानं नाही म्हटलं की माणूस घरी जातो, ताई. अर्धे परत येत नाहीत. म्हणून मी ठेवून घ्यायचो. फोन करायचो. सकाळी सही झाली की यंत्रात.”

“आणि मुदत?”

“मुदत बघितल्याशिवाय एकही कागद ठेवला नाही! शेवटचा दिवस असेल त्याला पाच वाजेपर्यंत पळवत आणायचो. याला चार दिवस होते. निकालापासून तीस, अधिक नकलेचे...” ते बोलता बोलता थांबले.

बाईंनी त्यांना थांबूच दिलं. चूक दाखवायची बाईंना हिंमत नव्हती आणि गरजही उरली नव्हती.

“नक्कल,” भाऊसाहेब हळूच म्हणाले. “छत्तीस वर्षं नकलेला चार दिवस लागायचे. कमी नाही, जास्त नाही. ते वजा करून मुदत काढायची सवय हाताला. आता नक्कल त्याच मिनिटाला मिळते. वजा करायला काही नाहीच.” त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. “परवा तुम्ही नामंजूर म्हणालात तेव्हाही वाटलं, यंत्रच चुकलं असणार. काल दिवसभर मी ते तीस दिवस बोटांवर मोजतोय आणि चौतीसच येताहेत. अरे देवा, काय करून बसलो मी.”

घड्याळ्या मागे उभा होता. “मॅडम, मी खोटं बोललो,” तो म्हणाला. “यांच्यासाठी बोललो. माझं काय ते करा.”

“तुझं नंतर बघू,” बाई म्हणाल्या. “भाऊसाहेब, बेचाळिसांतले एक्केचाळीस मुदतीत बसले, ते मी तपासलंय. ही एकटी राहिली. पेन्सिलीची ओळ कुणीही कधीही लिहू शकतं. न्यायाधीश विचारतील की ती चौदालाच लिहिली कशावरून. शपथेवर सांगणारा माणूस लागेल. आणि ज्यानं सांगितलं त्याच्यावर अहवाल मलाच लिहावा लागेल. कागद दडवून ठेवल्याचा. मी तो सौम्य लिहिणार नाही.”

“लिहूही नका,” भाऊसाहेब म्हणाले आणि कोट उचलला. “किती वाजता जायचंय?”

६

न्यायाधीशबाईंनी दुपारी अर्धा तास दिला होता. त्यांनी फाटकावरचे दोन्ही फोटो बघितले, काळी आणि निळी सही बघितली, पेन्सिलीच्या ओळी दोनदा वाचल्या. मग आईला उभं केलं.

“पंधरा तारखेला तुम्ही इथे आला होतात?”

हो म्हटलं की सगळं संपलं, असं ती बिचारी अजूनही धरून चालली होती. वकील तिच्याकडे बघत होता. ती म्हणाली, “आले होते. सही राहिली होती माझी.” बोलावलं कुणी, हे विचारल्यावर मात्र तिनं ओठ मिटून घेतले.

“मी बोलावलं,” मागून भाऊसाहेब म्हणाले. ते पिंजऱ्यात येऊन उभे राहिले आणि सगळं सांगितलं. चार पन्नासला वकिलानं कागद दिला इथपासून चार दिवसांच्या चुकीपर्यंत, काही गाळलं नाही. घड्याळ्यानंही शपथ घेऊन दुजोरा दिला.

न्यायाधीशबाईंनी नियमांचं पुस्तक पुढे ओढलं. “तुम्ही खरं बोलताय असं मला वाटतं. पण इथे स्वच्छ लिहिलंय : यंत्रात नोंदलेली तारीख हीच दाखल झाल्याची तारीख. या वाक्याचं मी काय करू?”

तपासनीसबाई उभ्या राहिल्या. “ते वाक्य मी लिहिलंय,” त्या म्हणाल्या. “लिहिताना माझ्या डोळ्यासमोर तारीख फिरवणारे लबाड होते. तारीख मागे नेता येऊ नये एवढंच बघितलं. खरी तारीख पुढे ढकलली जाईल हे सुचलंच नाही. खिडकीवर हात पुढे करून कागद देणारं माणूस मी त्या वाक्यात धरलंच नव्हतं.”

न्यायाधीशबाईंनी पुस्तक मिटलं. मग न्यायाधीशबाईंनी लेखनिकाला सांगायला सुरुवात केली. लबाडीला आळा घालायला केलेला नियम प्रामाणिक माणसाचा दरवाजा बंद करण्यासाठी वापरता येणार नाही. यंत्राची नोंद हा पुरावा आहे. त्याहून बळकट पुरावा आला तर तो ऐकावा लागेल. कागद न्यायालयाच्या माणसाच्या हातात पडला, तो दिवस चौदा. अपील मुदतीत आहे, ते ऐकलं जाईल. तोवर मुलगी कुणालाही देऊ नये, हे बालगृहाला आत्ताच कळवा.

आईला काही कळलं नाही. वकिलानं तिच्या कानाशी वाकून सांगितलं, “मुलगी उद्या जात नाहीये.” ती खाली बसली ती बसलीच.

संध्याकाळी सहापर्यंत बाईंनी अहवाल लिहून संपवला. पहिल्या भागात सुचवलं होतं की कागद हातात घेतानाच तारखेची पोच द्यावी, आणि अर्धवट कागद परत न फेकता दुरुस्तीला वेळ द्यावा. दुसऱ्या भागात भाऊसाहेबांच्या निलंबनाची शिफारस होती. दोन्ही भाग खरे होते आणि दुसरा लिहिताना त्यांना रडू आलं.

प्रत द्यायला त्या व्हरांड्यात आल्या तेव्हा भाऊसाहेब बाकावर बसले होते. त्यांनी कागद वाचला, मान डोलावली. “मुद्देसूद आहे,” ते म्हणाले.

ती आई अजून गेली नव्हती. थोडी दूर घुटमळत होती. मग पुढे आली.

“माझ्यापायी तुमची नोकरी गेली,” ती म्हणाली. “मी नाव घेतलं नव्हतं हो.”

“ठाऊक आहे मला. माझ्या चुकीनं तुमची पोर जात होती, बाई. नोकरीचं काय घेऊन बसलात.”

“अजून मिळाली कुठे? अपील ऐकणार, एवढंच ना. नाही म्हणाले तर?” ती म्हणाली. “आणि मिळालीच, तर तुम्हाला कुठल्या तोंडानं भेटू?”

भाऊसाहेबांनी अहवालाची घडी केली आणि खिशात ठेवली.

“तिला घेऊन या,” ते म्हणाले. “आता मी दिवसभर घरीच असतो.”